शिकाऊ मुलांचे अपघात व त्यांची भरपाई

पुस्तकी विद्येस हातांच्या कामाची जोड मिळावी म्हणून नववी ते बारावीच्या ज्या विद्यार्थ्यांनीं व्यवसायाचे विषय घेतले आहेत, त्यांस शाळेमार्फत कारखान्यांत, दुग्धशाळेंत, वीजदुरुस्तीच्या वा ट्रॅक्टरदुरुस्तीच्या दुकानांत प्रत्यक्ष काम शिकण्यास पाठवितात. ही पद्धत चांगली आहे व ती वाढावी असेंच आम्हांस वाटतें. परंतु मुलास पाठवितांना बाप गुण किती व विद्यावेतन किती एवढेंच विचारतो. यंत्रांत बोट गेलें तर भरपाई कोणाकडून मिळेल, हें विचारीत नाहीं. महसुली दफ्तरांत जन्म घालविल्यामुळें एक गोष्ट आम्हांस पक्की ठाऊक आहे. अपघातापूर्वीं केलेल्या एका कागदाची किंमत अपघातानंतरच्या दहा अर्जांस येत नाहीं. म्हणून या विषयाची माहिती सभासद बंधूंपुढें ठेवितों.

प्रथम अपघात कां होतो तें पाहूं. नवख्या मुलास यंत्राची खोड ठाऊक नसते, आणि वडील माणसानें सांगितलेल्या कामास नाहीं म्हणण्याचा धीर त्याच्या अंगीं नसतो. ट्रॅक्टरच्या मागील जो फिरता दांडा, ज्यास पी. टी. ओ. म्हणतात, तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदास नऊ. सैल बाही किंवा ओढणी त्यांत सांपडली तर ओरडण्यापूर्वींच हात ओढला जातो. कडबाकुट्टी, जिनिंगचे पट्टे व मळणीयंत्र यांची गोष्टही हीच. मळणीयंत्रासारख्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीं व भरपाईसाठीं सन १९८३ सालीं केंद्र सरकारनें धोकादायक यंत्रांचा निराळा कायदा केला. यावरून धोका केवढा आहे तें समजावें. फिरत्या भागांवर झांकण असावें, अडकलेला माल यंत्र पूर्ण बंद केल्यावरच काढावा, आणि पहिले कांहीं दिवस मुलानें केवळ पाहावें, हे तीन नियम पाळले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

आतां कायद्याकडे वळूं. काम शिकणारीं मुलें तीन प्रकारचीं असतात, व तिघांचे हक्क निरनिराळे आहेत.

पहिला प्रकार सन १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालीं करार केलेल्या मुलांचा. यांत वय निदान १४ वर्षांचें लागतें. धोक्याच्या उद्योगांत तें १८ वर्षांचें लागतें. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालकाची सही पाहिजे. हा कायदा उमेदवारास कामगार मानीत नाहीं, तो शिकणारा होय असें म्हणतो. तथापि काम शिकत असतांना त्या कामामुळें इजा झाली तर कामगाराप्रमाणेंच मालकानें भरपाई द्यावी, असें त्याच्या १६ व्या कलमांत आहे. भरपाईचा जो सन १९२३ चा कायदा होता, त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. मालकाच्या जबाबदारीचें तत्त्व मात्र कायम आहे.

दुसरा प्रकार शाळेनें थोड्या दिवसांसाठीं पाठविलेल्या विद्यार्थ्यांचा. यांचा बहुधा करार नसतो, पगार नसतो, हजेरीपटावर नांव नसतें. अपघात झाल्यास मालक म्हणतो हा आमचा नोकर नव्हे, आणि शाळा म्हणते तो आमच्या आवारांत नव्हता. तिसरा प्रकार नातलगाच्या ओळखीनें दुकानांत बसविलेल्या मुलाचा. त्याच्यापाशीं तर चिठोरेंही नसतें. शिवाय १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणें व १८ वर्षांखालील मुलास धोक्याच्या धंद्यांत लावणें, हा सन १९८६ च्या व सन २०१६ सालीं दुरुस्त झालेल्या कायद्यान्वयें गुन्हा आहे.

सरकारी साहाय्य कोणतें मिळूं शकतें? पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे. तींत अपघाती मृत्यूस मिळणारें अनुदान सन २०२२ सालीं ७५,००० रुपयांवरून १,५०,००० रुपये करण्यांत आलें. अर्ज शाळेमार्फत करावयाचा असतो. दुसरी योजना आपल्याच जिल्ह्याचे कै. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें शेतकऱ्यांसाठीं चालते. तींत वय १० ते ७५ असलेला खातेदार व त्याच्या कुटुंबांतील, खातेदार नसलेला, एक इसम येतो. मृत्यूस किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख आणि एक हात, पाय वा डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तीस दिवसांचे आंत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावा. बँकेंतील २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा मात्र १८ वर्षांपुढील माणसांसाठींच आहे. शाळकरी मुलास त्याचा उपयोग नाहीं.

येथें एक मेख आहे, ती खातेदार बंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावी. मुंडे योजनेंत खातेदाराचा मुलगा व अविवाहित मुलगी येतात, नातू येत नाहीं. पुष्कळ गांवांत आजोबा वारून दहा-दहा वर्षें झालीं तरी सातबारावर त्यांचेंच नांव असतें. मग बाप खातेदार ठरत नाहीं व मुलगाही योजनेबाहेर राहतो. यास्तव तलाठ्याकडे वारसाची नोंद करून फेरफार मंजूर करून घ्यावा. हें काम फाळणीच्या वादासाठीं अडवूं नये. वारस नोंद निराळी व वाटणी निराळी.

मुलगा पाठविण्यापूर्वीं शाळेकडून एक पत्र मागावें. त्यांत कामाची जागा, तारखा व तास, देखरेख करणाऱ्याचें नांव, कोणतीं यंत्रें मुलानें चालवावयाचीं नाहींत, इजा झाल्यास उपचार कोण करील, आणि सामुदायिक अपघात विमा उतरविला असल्यास त्याचा क्रमांक, इतकें लिहिलेलें असावें. शाळा, मालक व पालक या तिघांच्या सह्या घेऊन एक प्रत घरीं ठेवावी. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दसऱ्यानंतर ऊसतोडीस जातात. त्यांनीं सहीचें काम निघण्यापूर्वींच उरकावें, मागें राहिलेल्या आजीवर टाकूं नये. अपघात झालाच तर डॉक्टरचा दाखला, पोलिसांतील नोंद व पंचनामा त्याच दिवशीं करून घ्यावा आणि शाळेस लेखी कळवावें.

शेवटीं आपल्याविषयीं. शेती शिकण्यासाठीं विद्यार्थी आपल्या शिवारांतही येतात. तेव्हां मालक आपणच असतों. त्यांच्याकडून विषारी औषधाची फवारणी करवूं नये. सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले. विहिरीवरील मोटारीच्या पेटीस त्यांस हात लावूं देऊं नये. आपले जे सभासद शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनीं जूनच्या पहिल्याच सभेंत विद्यार्थ्यांच्या सामुदायिक विम्याचा व वरील पत्राचा ठराव मांडावा. हप्ता वाटून घेतल्यास कोणास जड जाणार नाहीं.