धावपळ आणि धुरीणत्व

कचेरीतील किंवा कारखान्यातील एखाद्या खातेप्रमुखाचा दिवस कसा जातो ते पाहा. बोरिवलीची किंवा मुलुंडची गाडी पकडून गृहस्थ कामावर पोहोचतात न पोहोचतात तोच टेलिफोन वाजतो. मालाची गाडी वाटेत अडकली आहे. ती सोडवीपर्यंत वरिष्ठांचे बोलावणे येते. ते उरकावे तर दोन कारकुनांचे भांडण दारात उभे असते. संध्याकाळी थकूनभागून घरी परतताना त्यांना वाटते, आज आपण फार काम केले. आम्ही विचारतो, काम त्यांनी केले, की कामाने त्यांना दिवसभर पळविले?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी उपनगरांत राहणाऱ्या आपणांस दूर जावयास नको. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास मात्र तो पाऊणशे मिलिमीटरच्याही आत होता. मिठी नदी फुगली, समुद्राला भरती होती, रेल्वे बंद पडली. साकीनाक्याजवळ डोंगराचा कडा वस्तीवर कोसळला. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली.

एवढा पाऊस अडविणे कोणाच्याही हाती नव्हते, हे खरे. परंतु त्यामागची हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८५ साली मुंबईत पूर आला, त्यानंतर शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास झाला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा आराखडा तयार झाला. जुनी गटारे ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, वाहून नेण्याच्या बेताची होती. ती क्षमता ५० वर न्यावी, भरतीच्या वेळी पाणी उपसण्यास पंप बसवावेत, असे त्यात सुचविले होते. तो बहुतांशी कागदावरच राहिला. आराखडा पुरा झाला असता तरी त्या दिवसाचा पाऊस त्यात मावला नसता. पण दरसालच्या पावसाचे हाल तरी कमी झाले असते. पाणी तुंबले की धावावयाचे आणि ओसरले की विसरावयाचे, हा क्रम बारा वर्षे चालला. २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसली, जुहूजवळ इर्ला येथे २०११ साली उदंचन केंद्र सुरू झाले. आजही पाणी तुंबते. तरीही पाऊस कोठे किती पडत आहे हे वेळीच कळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

असे का होते? आमच्या मते याचे कारण आळस नव्हे. तातडीचे काम ओरडून लक्ष वेधते. महत्त्वाचे काम मुक्याने वाट पाहते. शिवाय आग विझविणाऱ्याचा सत्कार होतो, आग लागू न देणाऱ्याला कोणी ओळखतही नाही. त्यामुळे कर्तबगार माणसालाही धावपळीची चटक लागते आणि संकटे आली नाहीत तर आपले महत्त्व काय, असे त्याला नकळत वाटू लागते.

येथे कोणी म्हणेल, संकट का सांगून येते? बरोबर आहे. पण आलेल्या संकटातही पुढाकार आपल्याकडे ठेवता येतो. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे राहतात, तेथे अंतर राखा म्हणून सांगणे व्यर्थ होते. महापालिकेने रुग्ण इस्पितळात येण्याची वाट पाहिली नाही. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघरी तपासणी केली, तापाचे दवाखाने उघडले, संशयितांना वेगळे ठेवले. ७ जुलैला तेथे एकच नवा रुग्ण नोंदला गेला. पुढे साथीच्या आणखी लाटा आल्या; परंतु रोगाच्या मागे फरफटत न जाता त्याला पुढून गाठावयाचे, ही दृष्टी तेथे दिसली.

मग आपल्या खातेप्रमुखाने काय करावे? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, महिनाभर अडचणींची वही ठेवावी. तीच गाडी त्याच वारी अडकते, असे त्यातून दिसले तर दोष गाडीवाल्याचा नसून वेळापत्रकाचा असू शकेल. दुसरी, आठवड्यातून एक तास त्या वहीसाठी राखावा आणि तो टेलिफोनलाही देऊ नये. तिसरी आणि सर्वांत अवघड, जागेवरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार द्यावा. प्रत्येक गोष्ट साहेबांना विचारून करावयाची म्हटले की साहेब कायम धावत राहणार आणि हाताखालची माणसे कायम थांबून राहणार. अधिकार दिल्यावर एखादी चूक होईल. ती सोसावी, तिच्याबद्दल बोलावे. पण अधिकार काढून घेऊ नये.

कोकणातला शेतकरी घर शाकारतो ते वैशाखात, आभाळ निरभ्र असताना. मृग लागल्यावर छपरावर चढणाऱ्याची धडपड शेजारीपाजारी पाहतात, पण त्याच्या घरातली माणसे भिजावयाची ती भिजतातच. आपल्या कामाचे छप्पर कोठे गळते, हे कोरड्या दिवसांत पाहून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.