गिअरबॉक्सचं ‘लाइफटाइम’ ऑइल खरंच आयुष्यभर टिकतं का?

बीएमडब्ल्यू एम३४०आय सारख्या फास्ट गाडीत झेडएफ कंपनीचा ८-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्यातलं ऑइल ‘लाइफटाइम’ असतं, बदलावं लागत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते: ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला.

का? कारण हे ऑइल नुसतं वंगण नाही. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेच पुढे नेतं, त्याच्याच दाबाने क्लच लागतात आणि आतली उष्णताही तेच वाहून नेतं. गाडी जोरात पळवली की ते जास्त तापतं आणि लवकर जुनं होतं. मग गिअर बदलताना झटके जाणवू लागतात.

घरी करणार असाल तर हे लक्षात ठेवा:

१. ऑइल भरायचा बोल्ट आधी सैल करून बघा, मगच खालचा काढा. भरायचा उघडलाच नाही, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच अडकेल.

२. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खं पॅन बदलावं लागतं.

३. डिपस्टिक नसते. इंजिन बंद असताना ऑइल काठोकाठ भरा, मग इंजिन चालू करून सगळे गिअर फिरवा आणि पुन्हा भरा. ऑइल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना भोकातून बारीक धार येऊ लागली की लेव्हल बरोबर. हे तापमान बीएमडब्ल्यूला सपोर्ट करणाऱ्या ओबीडी ॲपमुळे मोबाइलवर दिसतं.

हे सगळं चालू गाडीखाली झोपून करायचं असतं. चार मजबूत स्टँड आणि सपाट जागा नसेल, तर काम सरळ गॅरेजला द्या.