कापूस भरलेल्या घरांतील विजेची तार

वेचणी झाल्यावर भाव चढेपर्यंत कापूस राहत्या घरांतच सांठविण्याची वहिवाट मलकापूरकडे जुनी आहे. खोलींत आढ्यापर्यंत गंजी आणि तिला लागूनच विजेची तार, असें पुष्कळ घरीं दिसतें. तेव्हां तारेची जाडी हा विषय एकट्या कारागिरावर सोंपवून चालणार नाहीं.

जुन्या घरांत ३/२२ ही तार सांपडते. म्हणजे २२ गेजच्या तीन तारांचा पीळ. गेजचा आंकडा वाढतो तशी तार बारीक होते, व येथेंच अनेकांची फसगत होते. हा पीळ सुमारें १.२ चौरस मिलिमीटर भरतो, म्हणजे हल्लींच्या दीडच्या तारेहूनहि कमी. दिव्यांस तो पुरे. परंतु २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्यास अडीचची तांब्याची तार हवी.

प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतील उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंशांची. हवा ३० अंश असतां तारेस आणखी ४० अंश तापण्यास वाव असतो. आपल्या वैशाखांत टिनांखालीं ५० अंश झाले कीं २० च उरतात, आणि तीच तार सुमारें सात-दशांश प्रवाहच निर्धोकपणें वाहूं शकते. गंजीखालीं दबलेल्या तारेची उष्णता तर बाहेर पडतच नाहीं.

अंतराचेंहि तसेंच. घरापासून ६० मीटरवर गोठ्यांत एक अश्वशक्तीची कडबाकुट्टी आहे असें धरूं. दीडच्या तारेचा जाण्यायेण्याचा रोध १.४५ ओहम होतो. सुरू होतांना मोटरीनें ४० अँपिअर ओढले तर ५८ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. मोटर नुसती गुरगुरते व जळते. चारची तार घातल्यास ही तूट २२ व्होल्टवर येते.

दिवे-पंखे, स्वयंपाकघर व गोठा यांचीं सर्किटें निरनिराळीं असावींत. कापसाच्या खोलीचें तर स्वतंत्रच. तींत सॉकेट नसावें आणि तिची एमसीबी खोलीबाहेर असावी, म्हणजे रात्रीं ती बंद करतां येते. एमसीबी निवडावी ती तारेकडे पाहून: दीडला १० अँपिअर, अडीचला १६. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यांत जाड तार घालणारे गृहस्थ गांवोगांवीं आहेत. पहारेकऱ्याचे हातपाय बांधून ते निवांत निजतात!

तार भिंतींत जाण्यापूर्वीं वेष्टनावर छापलेला आंकडा मालकानें स्वतः वाचून घ्यावा.