पंधरा दिवस आणि चार गावे

परदेशच्या प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबात पहिला कागद लिहिला जातो तो गावांच्या नावांचा. लंडन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, झुरिच, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग. ही यादी पाच मिनिटांत तयार होते, कारण ती कोणी विचार करून केलेली नसते. शाळेतला भूगोल, चित्रपट आणि शेजाऱ्यांची छायाचित्रे यांनी ती आधीच करून ठेवलेली असते. त्यातून युरोपात आगगाडीचे जाळे इतके दाट आहे की, नकाशावर कोणतेही नाव दुसऱ्या नावापासून दूर वाटत नाही. पॅरिसहून झुरिच चार तास, व्हिएन्नाहून प्राग चार तास, फ्लोरेन्सहून रोम दीड तास. नागपूरहून मुंबईला जाण्यात सबंध रात्र घालवणाऱ्या माणसाला हे आकडे वाचून हर्ष व्हावा यात नवल नाही. मात्र या हर्षातच पुढच्या सगळ्या दगदगीचे बीज असते.

नागपूरचेच एक कुटुंब उदाहरणादाखल घ्यावे. पती नुकतेच निवृत्त झालेले, पत्नी नोकरीत, आणि सोबत पत्नीच्या आई, पंचाहत्तरीच्या. आईंनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, आल्प्स पर्वताचा नकाशा फळ्यावर असंख्य वेळा काढला, पण तो पर्वत कधी पाहिला नाही. रजा पंधरा दिवसांची. विमानाचे जाणेयेणे वजा केले तर युरोपात तेरा रात्री पडतात. म्हणजे उतरण्याचा दिवस आणि परतण्याचा दिवस सोडून मध्ये बारा पूर्ण दिवस हाती राहतात. पैसा अनेक वर्षांच्या बचतीचा. आणि आईंच्या गुडघ्यांकडे पाहता हा प्रवास पुन्हा घडेल असे घरात कोणी धरून चालत नाही.

आता आठ गावांचा हिशेब मांडून पाहावा. आठ गावे म्हणजे सात वेळा मुक्काम हलवणे. वेळापत्रकात गाडीचे चार तास छापलेले असतात, पण मुक्काम हलवण्याचा खर्च त्याहून मोठा असतो. सकाळी सामान बांधायचे, दहाच्या सुमारास खोली सोडायची, स्टेशन गाठायचे, फलाट शोधायचा. पलीकडे उतरल्यावर नव्या गावाची ट्राम ओळखायची, आणि तिथली खोली तर बहुधा तीन वाजल्याशिवाय मिळत नाही. अर्धा दिवस गेला असे धरले तरी ते उदार मनाचे अनुमान होय. सात मुक्कामांचे साडेतीन दिवस उडाले. उरले साडेआठ, आणि गावे आठ. प्रत्येक गावाच्या वाट्याला जेमतेम एक दिवस. चारच गावे घेतली तर दीड दिवस जातो, साडेदहा उरतात, आणि प्रत्येक गावाला अडीच दिवसांहून अधिक मिळतात. हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही सुटेल, पण यादी करणाऱ्या माणसाला ते सुचत नाही, कारण त्याचे लक्ष गाडीच्या वेगाकडे असते.

शिवाय युरोपातील बहुतेक स्टेशनांवर हमाल नाही. डब्यात चढायला दोनतीन उंच पायऱ्या असतात, आणि मधल्या लहानशा स्टेशनावर गाडी दोनतीन मिनिटांपलीकडे थांबत नाही. आपले सामान आपणच उचलायचे. पंचाहत्तरीच्या बाईंना सात वेळा हे करायला लावणे आणि तीन वेळा करायला लावणे यांत जो फरक आहे, तो कोणत्याही संग्रहालयापेक्षा महत्त्वाचा आहे.

तेव्हा नावे खोडायला बसावे. सर्वांत आधी लंडन खोडले जाते, आणि त्याचे कारण प्रेक्षणीयतेशी संबंधित नाही. १९९४ साली खाडीखालचा बोगदा सुरू झाला, आणि आज लंडन आणि पॅरिस अडीच तासांच्या आत आली आहेत. पण ब्रिटनचा परवाना वेगळा आणि युरोपखंडाचा वेगळा. शेंगेन म्हणून जो समाईक परवाना मिळतो, त्यात आज २९ देश आहेत, ब्रिटन त्यांत नाही. एका शहरासाठी दुसरा अर्ज, दुसरे शुल्क आणि पुन्हा एकदा कागदपत्रांचा तोच गठ्ठा. ज्याचे लंडनला नातलग आहेत त्याने अवश्य जावे. इतरांनी लंडन स्वतंत्र प्रवासासाठी राखून ठेवणे बरे.

पुढे नकाशावर बोट ठेवून पाहिले म्हणजे उरलेल्या नावांचे दोन गट आपोआप पडतात. पॅरिसहून आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारी एक रेषा आहे, आणि प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट या डॅन्यूबकडच्या राजधान्यांची दुसरी. दोन्ही रेषा उत्तम आहेत. दुसरी तुलनेने स्वस्तही आहे, आणि व्हिएन्नाहून व्हेनिसकडे जाणारी गाडी सेमरिंगचा घाट चढते, हा तिचा मोठा मान. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने बांधलेला तो लोहमार्ग १८५४ साली पुरा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी धावली होती, आणि दोन वर्षांनी आपल्या बोरघाटाचे काम सुरू झाले. सेमरिंगचा चढ चाळीसास एक, बोरघाटाचा सदतीसास एक. खंडाळ्याच्या खिडकीशी बसून मोठा झालेला माणूस सेमरिंगला पाहुणा वाटत नाही. पण दोन रेषा एकाच पंधरवड्यात गुंफू नयेत. त्यांचा सांधा जुळवताना सबंध दिवस गाडीत जातो, आणि तो दिवस कुठल्याच गावाच्या खात्यावर जमा होत नाही.

आईंचा आल्प्स दोन्ही रेषांवर आहे, पण पहिल्या रेषेवर तो अधिक उंच आहे. म्हणून पॅरिस, ल्युसर्न, फ्लोरेन्स, रोम. झुरिचऐवजी ल्युसर्न का, असा प्रश्न येईल. झुरिच हे व्यापाराचे शहर. ल्युसर्नचे स्टेशन सरोवराच्या काठावर आहे आणि बोटीचा धक्का स्टेशनाच्या समोरच. तिथून रीगीच्या डोंगरावर दातेरी रुळांची गाडी जाते, ती १८७१ सालची, युरोपातील त्या जातीची पहिली. पिलाटसची १८८९ सालची गाडी तर जगातील दातेरी गाड्यांत सर्वांत उभ्या चढाची. खोली एकच ठेवून रोज वेगळ्या दिशेला जावे आणि संध्याकाळी परत यावे, ही रीत वृद्धांना फार मानवते. फ्लोरेन्सचेही तसेच आहे. पिसाचा कलता मनोरा पाहण्यासाठी पिसाला मुक्काम करण्याची गरज नाही. साध्या गाडीने तासाभराचे अंतर आहे.

व्हेनिस गळले याची हळहळ वाटणे साहजिक आहे. तरी एक गोष्ट ध्यानात असावी. व्हेनिसचे मुख्य स्टेशन बेटावरच आहे, आणि त्याच्या पायऱ्या थेट मोठ्या कालव्याशी उतरतात. दृश्य अद्भुत खरे. पण त्या गावात मोटार नाही, आणि गल्ल्यांतील पुलांना पायऱ्या आहेत. चाकांची जड पेटी घेऊन असे चारपाच पूल ओलांडले की अद्भुताचा रस आटतो. हलके सामान आणि धडधाकट गुडघे असणाऱ्यांनी रोमऐवजी व्हेनिस घ्यावे, त्यात चूक काहीच नाही.

रात्री वाटून देण्याचे काम यापुढचे, आणि ते दिसते तितके निरुपद्रवी नाही. पॅरिस चार, ल्युसर्न चार, फ्लोरेन्स तीन, रोम दोन, अशी तेरांची वाटणी झाली. कुटुंब प्रथम पॅरिसला उतरणार, म्हणून परवान्याचा अर्ज फ्रान्सकडे करावा असे पुष्कळांना वाटते. नियम तसा नाही. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा. मुक्काम सारखे असतील तरच प्रथम प्रवेशाचा देश पाहावयाचा. येथे फ्रान्स चार, स्वित्झर्लंड चार आणि इटली पाच. म्हणजे अर्ज इटलीकडे. आईंच्या आग्रहाने फ्लोरेन्सची एक रात्र ल्युसर्नला दिली, तर तोच अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. गावांची निवड ही घरगुती बाब आहे असे समजून चालणाऱ्यांना वकिलातीच्या खिडकीशी हा धडा मिळतो. म्हणून रात्री आधी ठरवाव्यात, अर्ज त्यानंतर करावा, आणि अर्ज केल्यावर वाटणीशी खेळू नये. विमानाचे तिकीटही पॅरिसला उतरून रोमहून परतण्याचे काढावे. आरंभाच्या गावी पुन्हा परत येण्यात एक पूर्ण दिवस आणि लांबच्या गाडीचे भाडे अशी दुहेरी हानी होते.

तिकिटांविषयी थोडेसे. १९५९ सालापासून युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल नावाचा पास मिळतो, आणि आज तो ३३ देशांत चालतो. त्याची कीर्ती मोठी आहे, परंतु फ्रान्सच्या आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही राखीव जागेचे पैसे निराळे भरावे लागतात. तीनच लांबचे प्रवास करणाऱ्या कुटुंबाला बहुधा सुटी तिकिटे लवकर काढणेच परवडते. पास खरा उपयोगी पडतो तो मन बदलण्याची हौस आणि सवड असणाऱ्या तरुणांना. इटलीत साध्या गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा उमटवून घ्यावे लागते. न उमटवता चढलेला प्रवासी प्रामाणिक असूनही दंडास पात्र होतो.

राहिली ल्युसर्नहून फ्लोरेन्सला जाण्याची वाट. सर्व प्रवासाचा जीव या एका दिवसात आहे. मध्ये गॉटहार्डचा डोंगर आडवा येतो. १८८२ साली त्याच्या पोटातून १५ किलोमीटरचा बोगदा निघाला. तो खोदणारा कंत्राटदार लुई फाव्र काम पुरे होण्यापूर्वीच, १८७९ साली, त्या बोगद्यातच मरण पावला. २०१६ साली त्याच्या कितीतरी खाली, डोंगराच्या तळाशी, ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. जगात याहून लांब रेल्वे बोगदा नाही. मिलानकडे जाणारी वेगवान गाडी यातून जाते, आणि सुमारे वीस मिनिटे प्रवाशाला खिडकीच्या काचेत स्वतःचे तोंड दिसते. आल्प्स ओलांडला जातो, पण तो पाहायला मिळत नाही.

जुना मार्ग मात्र मोडलेला नाही. त्यावरून आजही साध्या गाड्या धावतात, आणि सुमारे तासभर अधिक घेतात. चढ साधण्यासाठी हा मार्ग डोंगराच्या आत वळसे घेत वर जातो. वासेन नावाच्या खेड्यातील पांढरे चर्च त्यामुळे खिडकीतून तीनदा दिसते. एकदा माथ्यावर, एकदा समोर, आणि शेवटी खाली खोल. १० ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बोगद्यात मालगाडी घसरली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पूर्ववत खुला होईपर्यंत कित्येक प्रवासी गाड्यांना या जुन्या वाटेनेच जावे लागले. उशीर झाल्याची तक्रार पुष्कळांनी केली असेल. एखाद्या भूगोलाच्या शिक्षिकेने केली असण्याचा संभव कमी. ज्यांना एक मुक्काम वाढवणे शक्य आहे त्यांच्यासाठी पूर्वेकडे आणखी एक वाट आहे. बर्निनाची ती अरुंद गाडी, १९१० सालची, दातेरी रुळांची मदत न घेता २,२५३ मीटर उंचीवर चढते आणि इटलीतील तिरानो या गावी ४२९ मीटरवर उतरते. तिच्या मोठ्या काचांच्या खास डब्यांसाठी जागा राखून ठेवावी लागते. त्याच रुळांवरच्या साध्या गाडीला ते बंधन नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात हा वरचा लाभ.

ऋतूचा विचार आपल्याकडे शाळेच्या सुट्टीवरून होतो. मे महिन्यात दिवस लांब असतो, नऊ वाजेपर्यंत उजेड राहतो, पण उंच घाटांवर बर्फ असते आणि डोंगरावर जाणारे काही पाळणे दुरुस्तीसाठी बंद असतात. दिवाळीनंतर निघणाऱ्यांना ही दुसरी अडचण तर येतेच, शिवाय पाच वाजता काळोख होतो, आणि चार तासांच्या गाडीतील दोन तास काळोखात जातात. रात्रीच्या गाडीने एका खोलीचे भाडे वाचते हे खरे, परंतु आल्प्सच्या भागात तो सौदा आतबट्ट्याचा. शिध्यात थेपले, चिवडा, लोणचे चालते. दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे घरीच ठेवावेत. रविवारी स्विस गावांतील दुकाने बंद असतात, पण मोठ्या स्टेशनातली उघडी असतात, हे शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावे.

सगळ्यात शेवटी वार पाहावेत. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, फ्लोरेन्सचे उफित्सी सोमवारी बंद, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद. फ्लोरेन्सच्या तीन रात्रींत सोमवार येत असेल, तर पिसाची फेरी त्याच दिवशी ठेवावी. कलत्या मनोऱ्याला सोमवारची सुट्टी नसते.