आधी पोट, मग रंग

मे महिन्यात कोकणात जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे एक छायाचित्र हमखास असतं. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांवर निळा, पिवळा, पोपटी असा ताजा रंग, आणि एखाद्या होडीशेजारी उकिडवा बसून हातात ब्रश धरलेला माणूस. चित्र देखणं असतं यात वाद नाही. पण ते पाहून ‘होडी नवी करताहेत’ असं जे आपण सहज म्हणून जातो, ते जरा तपासून घ्यायला हवं. रंग हा होडीच्या डागडुजीतला शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. तोच आधी उरकला, तर तिला डागडुजी म्हणत नाहीत, सारवासारव म्हणतात.

लाकडी होडीच्या काळात अशी सारवासारव फार दिवस लपत नसे. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून भरायची, वरून तेल चोपडायचं, काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यायचा, हा दर वर्षीचा नेम. तो एखाद्या वर्षी चुकला की होडी पाण्यात उतरल्या दिवशीच सांध्यांतून पाझरू लागे आणि नाखव्याला त्याचा आळस दाखवून देई. फायबरची होडी तशी बोलत नाही. वर्षानुवर्षं गप्प राहते. ‘ना कीड, ना वाळवी, ना दर वर्षीचं तेलपाणी’ या आश्वासनावरच तर ती आपल्या किनाऱ्यावर आली. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कट्टुमरमची जागा या होड्यांनी फार झपाट्यानं घेतली. आपल्याकडे हा बदल सावकाश झाला, पण झाला.

ही होडी बनते कशी, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण तिचं दुखणं त्यातच आहे. लाकडी होडी आतून बाहेर बांधतात. आधी कणा, मग वाक, मग फळ्या. फायबरची होडी उलटी, बाहेरून आत जन्मते. साच्याला आतून मेण लावायचं, त्यावर जेलकोटचा अर्ध्या मिलिमीटरभर जाडीचा थर द्यायचा. हीच पुढे होडीची चकचकीत कातडी. त्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, रेझीननं भिजवायची, रोलरनं दाबून हवेचे बुडबुडे काढायचे. मग पुन्हा मॅट, पुन्हा रेझीन. सुकलं की साच्यातून काढायची. १९४० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत आजही मुळात तीच आहे. मात्र होडी सगळीच काही काचेची नसते. मागची उभी फळी, जिच्यावर आऊटबोर्ड इंजिन टांगतात, ती आतून प्लायवूडची असते आणि वरून फायबरनं मढवलेली. बसायच्या फळ्यांखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. म्हणजे कीड न लागणाऱ्या होडीच्या पोटात कुजणारं लाकूड आणि पाणी पिणारा फोम, दोन्ही असतात, आणि दोन्ही दिसत नाहीत.

माझ्या मामांनी १९९० च्या दशकात घेतलेली चोवीस फुटी होडी अशीच होती. मामा गेल्यावर ती दादाकडे, म्हणजे माझ्या मामेभावाकडे आली. गाव मालवण तालुक्यातलं, खाडीच्या तोंडाशी. २०२३ च्या शिमग्यानंतर दादानं ती वर घेतली, तेव्हा बेत साधा होता. घासायची, दोन हात रंग द्यायचा, आणि पंधरा दिवसांत पुन्हा पाण्यात. मोसमाचे अजून अडीच महिने हातात होते. त्याचं म्हणणं इतकंच, की अलीकडे होडी ‘जड चालते’, इंजिन तेच आणि पेट्रोल मात्र जास्त. ते इंजिनाचं दुखणं असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

गावात फायबरचं काम जाणणारे एक वयस्क मेस्त्री आहेत. ते आले, आणि त्यांनी रंगाच्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हातोडी उलटी धरून तिच्या लाकडी दांड्यानं ते होडीभर टकटक करत फिरले. ज्यांनी बाजारात नारळ वाजवून घेतला आहे, त्यांना हे शास्त्र समजावून सांगायला नको. थर एकजीव असतील तिथे आवाज टणक येतो. सुटले असतील, आत पाणी असेल, तिथे बद्द. पुढच्या नाळेपासून मधल्या बसण्यापर्यंत आवाज खणखणीत होता. मागच्या फळीवर आला तो बद्द. मेस्त्रींनी आतल्या बाजूनं, तळाशी एक भोक पाडायला लावलं. आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि बराच वेळ येत राहिलं. ड्रिलच्या पात्याला लागून आलेला भुसा चिमटीत धरला तर तो लाकडाचा वाटेना. ओल्या चपातीसारखा लगदा.

“रंगाचा मागसून बगू,” मेस्त्री म्हणाले. “आदी हिच्या पोटातला पाणी काड.”

हे पाणी शिरलं कुठून? इंजिनाचा कंस बसवताना पाडलेल्या बोल्टांच्या भोकांतून. ती भोकं नीट बंद केलेली नसली की समुद्राचं पाणी थोडं थोडं शिरतं. पण खरा शत्रू खारं पाणी नव्हे, गोडं. मिठाच्या पाण्यात लाकूड त्या मानानं तग धरतं. पावसाचं पाणी साचलं की बुरशीला रान मोकळं. मामांच्या शेवटच्या आजारपणात होडी दोन पावसाळे नीट शाकारली गेली नव्हती, त्याचा हा हिशेब.

आता नऊ-दहा अश्वशक्तीचं इंजिन पस्तीस-चाळीस किलोंचं. ते नुसतं टांगलेलं नसतं, सबंध होडीला तेच ढकलत असतं, आणि तो सगळा जोर त्या एका फळीवर येतो. फळी किनाऱ्यावर निसटली तर नुकसान. खोल पाण्यात, लाटेवर निसटली, तर इंजिन जातंच, पण मागून पाणी आत येतं आणि पुढचं सांगायला नको. बाहेरून ही फळी अगदी धडधाकट दिसत होती. रंग दिल्यावर तर अधिकच दिसली असती.

नेमकं तेच कुणीतरी सुचवलं. जवळच्याच एका बंदरावरचा माणूस होडी मागत होता. “दोन हात रंग मार आणि देऊन टाक” हा सल्ला देणाऱ्यांत दादाचे हितचिंतकच होते, आणि व्यवहाराच्या बाजूनं त्यांचं चुकत होतं असं नाही. दुरुस्ती करायची तर एप्रिल-मेची कमाई बुडणार होती. नवी होडी म्हणजे लाखांची बात. दादा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना विषय निघाला, तेव्हा वहिनी ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, “जो इकत घेतलो तेच्या घराकय पोरां आसतलीच मा?” घेणाऱ्याच्याही घरी मुलंबाळं असतीलच ना, एवढंच. विक्रीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढचे दोन महिने फार कंटाळवाणे, आणि म्हणूनच सांगण्यासारखे. फळीची बाहेरची कातडी तशीच ठेवून आतून ती कापून काढली. कुजलेलं प्लायवूड छिन्नीनं नव्हे, हातानं निघालं. बसण्याखालचा फोम काढला, तर तो पिळता येत होता. मग होडी नुसती वाळत ठेवायची. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वाळली की नाही हे कळायला मेस्त्रींची एक युक्ती होती. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हुलावर बंद करायचा आणि उन्हात राहू द्यायचा. खाली दव धरलं तर अजून ओल आहे. पाच आठवडे ते दव धरत होतं. तळाला काही ठिकाणी वाटाण्याएवढे फोड होते. ते फोडले की व्हिनेगरसारखा आंबूस वास यायचा. जेलकोटमधून झिरपलेलं पाणी रेझीनमधल्या द्रव्यांशी मिसळून हे फोड येतात. तेही उघडून, धुऊन वाळवावे लागले.

घासकाम म्हणजे शिक्षा. ग्राइंडर लागला की काचेची धूळ उडते, ती मानेवर, कोपरांत बसते आणि रात्रभर झोपू देत नाही. हातांना खोबरेल चोळून बसायची तिथली रीत आहे. मात्र फुप्फुसांना खोबरेल चोळता येत नाही. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी पोरं पाहिली की जीव कासावीस होतो. चांगला मास्क होडीच्या खर्चात धरलाच पाहिजे. चीर भरतानाही तिच्यावर नुसतं ठिगळ लावून भागत नाही. कडा उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या बारापट रुंद. म्हणजे पाच मिलिमीटर जाडीच्या होडीला चिरेच्या दोन्ही बाजूंनी सहा सेंटिमीटर उतार. तेव्हा कुठे नवा थर जुन्याला धरतो.

नव्या फळीसाठी अठरा मिलिमीटरची दोन मरीन प्लायवूड एकमेकांना चिकटवली, आणि इथे मेस्त्रींनी नेहमीचं पॉलिएस्टर रेझीन न वापरता महागडं इपॉक्सी आणायला लावलं. जुन्या, सुकलेल्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. बाकीच्या थरांना पॉलिएस्टर चाललं. त्यात आधी कोबाल्ट मिसळतात, ऐन वेळी हार्डनर. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत कधीही ओतायची नाहीत, स्फोट होऊ शकतो. मेस्त्री त्यांच्या बाटल्याही होडीच्या दोन टोकांना ठेवत. मे महिन्याच्या उकाड्यात रेझीन डोळ्यांदेखत घट्ट होतं, डबाच तापून धुरावतो. म्हणून हार्डनर कमी घ्यायचा आणि काम सकाळी दहाच्या आत संपवायचं. बोल्टांची भोकं या वेळी गरजेपेक्षा मोठी पाडून, इपॉक्सीनं भरून, मग त्या भरावात पुन्हा पाडली. आता पाणी शिरलंच, तरी लाकडापर्यंत पोचणार नव्हतं.

एवढं होईतो जून आला. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत सगळ्यांच्याच होड्या वर असतात, त्यामुळे आता दादाला चुकल्यासारखं वाटेना. ‘बिपरजॉय’ वादळानं समुद्र खवळला, तेव्हा होडी आणखी वर ओढली आणि झापांनी नीट शाकारली. अंगावर नुसता अस्तराचा करडा हात. रंग नाहीच.

रंगाला निसर्गानं मदत केली. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला होती, आणि तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला होता, हे विसरून चालणार नाही. पण खाडीकाठी रंगाचे डबे उघडले. आधी लांबी भरून, पॉलिशपेपरनं घासून, ॲसिटोननं पुसून; मग दव उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी पातळ हात, एकावर एक. तळाला तांब्याचा अंश असलेला तांबूस रंग, कारण होडी खाडीत नांगरून ठेवायची. रोज वाळूवर ओढली जाणाऱ्या होडीला हा खर्च मी तरी फुकट म्हणेन. पाण्यात उभ्या होडीला मात्र त्यावाचून शेवाळ आणि कालवं सोडत नाहीत. कथलाची विषारी संयुगं घातलेले जुने रंग याहून प्रभावी होते, पण त्यांनी शिंपल्यांची पैदासच बिघडवली. त्यांच्यावरचा आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. वरच्या अंगाचा रंग तरी दादाच्या मनाचा, असं मला वाटलं होतं. तेही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले अतिरेकी ‘कुबेर’ ही मच्छिमार नौका पळवून आले होते, त्यानंतर होड्यांचे क्रमांक आणि रंगही सरकारी नजरेखाली आले. क्रमांक ठळक हवा, ‘आयएनडी एमएच’नं सुरू होणारा. मामांनी ठेवलेलं नाव मात्र भाचीनं स्वतः रंगवलं. अक्षरं जराशी उजवीकडे झुकली आहेत.

कुणी म्हणेल, तीस वर्षांच्या होडीवर एवढा जीव कशाला? हिशेबानं पाहिलं तर या खर्चाचं समर्थन जेमतेम होतं. पण दुसरीही एक गोष्ट आहे. लाकडी होडी मोडली की तिचं सरपण होई, फळ्या गोठ्याला लागत. फायबर वितळत नाही, कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर. खाडीच्या कडेनं खारफुटीत जाऊन पाहा, टाकून दिलेले सांगाडे उलटे पडलेले दिसतात. फ्रान्समध्ये २०१९ पासून जुन्या होड्या मोडीत काढण्याची व्यवस्था आहे आणि तिचा खर्च नव्या होड्या बनवणाऱ्यांकडून वसूल होतो. आपल्याकडे मच्छिमाराला नवी होडी घ्यायला योजना आहेत. जुनीचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या दारातच राहतो.

पौर्णिमेला नारळ अर्पण झाला आणि दुसऱ्या दिवशी होडी उतरवली. ढकलायला नेहमीइतकीच माणसं आली होती, त्यातली दोघं नुसती हात लावून चालत होती. तळाचा तांबूस रंग दादानं हुलावरच्या जुन्या पाण्याच्या खुणेपर्यंत दिला होता. इंजिन लावलं, जाळी चढवली, दोघं खलाशी बसले, तरी होडी त्या खुणेपर्यंत बुडेना. तांबड्या रंगाची बोटभर पट्टी पाण्याच्या वर राहिली. मेस्त्रींनी ती दाखवली आणि म्हणाले, निळा हात खाली घ्यायला हवा, दिसायला वाईट दिसतं.

“ऱ्हवांदे,” दादा म्हणाला. “पुढल्या वर्साक बगू.” आणि त्यानं इंजिनाची दोरी ओढली.