वाढीव चित्रपटाचा हिशेब

चित्रपटगृहात एकदा पाहिलेला चित्रपट पुढे घरी पाहावयास मिळाला, तर तो तोच असणार असे प्रेक्षक गृहीत धरतो. अद्भुतरम्य चित्रपटांच्या बाबतीत मात्र गेल्या पंचवीस वर्षांत हे गृहीत अनेकदा खोटे ठरले आहे. पडद्यावर तीन तासांत आटोपलेली कथा घरच्या आवृत्तीत साडेतीन, प्रसंगी चार तासांहून अधिक चालते. ही भर चित्रपटाला पूर्णत्व देते की त्याचा बांधा बिघडवते, यावर प्रेक्षकांत उघड दोन तट पडले आहेत. वाद वरकरणी रसिकतेचा दिसतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी पैशाचा, वेळेचा आणि ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न आहे. अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी तर त्याला आणखी एक पदर आहे.

या वादाचे ठळक उदाहरण म्हणजे टोल्किन यांच्या कादंबरीवर पीटर जॅक्सन यांनी निर्माण केलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही चित्रपटत्रयी. डिसेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झालेला पहिला भाग १७८ मिनिटांचा होता; नोव्हेंबर २००२ मध्ये घरगुती डीव्हीडीवर आलेली त्याची विस्तारित आवृत्ती २०८ मिनिटांची झाली. दुसरा भाग १७९ मिनिटांवरून २२३ मिनिटांवर गेला आणि तिसरा २०१ वरून २५१ वर. चाहत्यांच्या नावांची अखेरची लांबलचक यादी यात धरलेली नाही. तिन्ही भागांची बेरीज केल्यास ५५८ मिनिटांची ६८२ मिनिटे झाली. म्हणजे दोन तासांहून अधिक मजकूर, एका संपूर्ण चित्रपटाएवढा, चित्रपटगृहातील प्रेक्षकाला दिसलाच नव्हता.

प्रेक्षकांचे दोन तट

वाढीव आवृत्तीचे कैवारी जे दाखले देतात ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. दुसऱ्या भागात गोंडोर राज्याच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा फॅरामिर नायकाला कैद करतो आणि ती घातक अंगठी बापाकडे नेऊ पाहतो. चित्रपटगृहातील आवृत्तीत हे वागणे काहीसे आकस्मिक वाटते. विस्तारित आवृत्तीत मात्र बाप आणि दोन भाऊ यांचा एक जुना प्रसंग येतो. थोरल्यावर बापाचा जीव आहे आणि धाकट्याच्या वाट्याला केवळ अवहेलना आली आहे, हे पाहिल्यावर त्या मुलाची धडपड उमगते. दुसरा दाखला सारुमान या खलपुरुषाचा. दोन भाग ज्याने व्यापले त्याचा शेवट तिसऱ्या भागाच्या मूळ आवृत्तीत दाखवलाच नव्हता. ती भूमिका करणारे क्रिस्टोफर ली यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तो प्रसंग वाढीव आवृत्तीत परत आला. अशा ठिकाणी भर म्हणजे केवळ लांबी नव्हे, ती कथेची राहिलेली थकबाकी आहे, असे हा पक्ष म्हणतो.

विरोधी पक्षाचे म्हणणेही तितकेच सबळ आहे. तिसऱ्या भागात काळी गलबते धक्क्याला लागतात आणि त्यांतून शत्रूऐवजी ॲरागॉर्न उतरतो, हा चित्रपटगृहातील आवृत्तीतला मोठा धक्का होता. विस्तारित आवृत्तीत तो त्या गलबतांना आधीच सामोरा जाताना दिसतो, त्यामुळे पुढच्या धक्क्यातली हवाच निघून जाते. त्याच भागातील कवट्यांचा लोंढा, किंवा गँडाल्फची काठी शत्रूने मोडण्याचा प्रसंग, हे कापले होते तेच बरे होते असे मानणारे निष्ठावंत चाहतेही पुष्कळ आहेत. अकरा नामांकनांपैकी अकराही ऑस्कर पारितोषिके २००४ साली मिळवली ती याच भागाच्या छोट्या आवृत्तीने, याकडेही ते बोट दाखवतात. खुद्द जॅक्सन यांनी चित्रपटगृहातील आवृत्तीच मुख्य मानली असून वाढीव आवृत्ती चाहत्यांसाठी असल्याचे सांगितले आहे.

लांबी कोण ठरवतो?

दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. चित्रपटाची लांबी केवळ दिग्दर्शकाची प्रतिभा ठरवत नाही. ती खुर्चीचे भाडेही ठरवते. बारा, तीन, सहा आणि नऊ हे आपल्याकडील खेळांचे रूढ वेळापत्रक. प्रत्येक खेळाच्या वाट्याला तीन तास येतात. त्यांत मध्यंतर, जाहिराती आणि प्रेक्षकांची ये-जा बसवावी लागते. १७८ मिनिटांचा चित्रपटच या चौकटीत अंग चोरून बसतो. २५१ मिनिटांचा लावला तर दिवसाचे चार खेळ चालवणे अवघड होते आणि एक खेळ गेला की त्या खेळाचा सारा गल्ला जातो. उलट घरी प्रेक्षकाला एक तास अधिक पाहण्यास वेगळा खर्च येत नाही. तो चित्रपट मध्येच थांबवून जेवू शकतो, उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहू शकतो. म्हणजे छोटी आवृत्ती ‘मोडतोड’ केलेली आणि मोठी तेवढी ‘खरी’ असे नाही. दोन्ही आपापल्या बाजारपेठेसाठी घडवलेल्या आहेत. जॅक्सन यांच्या वाढीव आवृत्तीसाठी हॉवर्ड शोर यांनी नव्याने संगीत रचले, यावरून ती निव्वळ फेकलेल्या तुकड्यांची गोधडी नव्हती हेही स्पष्ट होते.

मात्र हा हिशेब मांडताना तालुक्याच्या गावचा प्रेक्षक निराळा धरावा लागतो. अक्कलकोटहून सोलापूर सुमारे चाळीस किलोमीटर. मोठा चित्रपट पाहावयाचा तर तिकिटात एस. टी.चे भाडे मिळवावे लागते आणि परतीच्या गाडीवर एक डोळा ठेवावा लागतो. शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटचे रीळ सोडून उठणारा प्रेक्षक ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. लहान गावांतील चित्रपटगृहांत वेळ वाचवण्यासाठी गाणी गाळली जात; दूरदर्शन संचावर जाहिरातींनी चित्रपटाचे तुकडे पडत; व्हिडिओ सीडीच्या एका तबकडीवर सत्तर-ऐंशी मिनिटेच मावत, म्हणून ऐन रंगात तबकडी बदलावी लागे. ज्याने आयुष्यभर कापलेलेच पाहिले त्याला वेष्टनावरील ‘संपूर्ण’ हा शब्द मोहात पाडतो, यात नवल नाही. महानगरातील प्रेक्षकाला वाढीव आवृत्ती ही चैन वाटते. तालुक्याच्या गावी ती बरेचदा नाकारलेल्या गोष्टीची भरपाई वाटते.

आमटीत पाणी

याच भावनेचा व्यापार होतो, तेव्हा तक्रारीला जागा निर्माण होते. पहिल्या भागाची साधी डीव्हीडी ऑगस्ट २००२ मध्ये आली आणि विस्तारित नोव्हेंबरमध्ये. एकाच वस्तूच्या निरनिराळ्या रूपांसाठी निरनिराळ्या वेळी निरनिराळी किंमत घेणे याला अर्थशास्त्रात भावभेद म्हणतात. उतावळा ग्राहक आधी पैसे मोजतो आणि निष्ठावंत ग्राहक पुन्हा मोजतो. तिकीट, पहिली डीव्हीडी आणि दुसरी डीव्हीडी अशी तीनदा किंमत दिलेल्याला हे फसवणुकीसारखे वाटले, तर ते समजण्याजोगे आहे. तथापि येथे एक गोष्ट निर्मात्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. ऑगस्टच्या संचातच नोव्हेंबरच्या संचाची झलक दिलेली होती. ज्याला थांबावयाचे त्याला थांबण्याची मुभा होती. माहिती देऊन केलेला भावभेद आणि माहिती दडवून केलेला भावभेद यांत हाच फरक आहे.

‘द हॉबिट’च्या वेळी मात्र सहानुभूती आटली. एका बेताच्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले आणि त्यांनाही अनुक्रमे सुमारे १३, २५ व २० मिनिटांची घरगुती भर मिळाली. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालावे, हे गृहिणीला शोभते. पाहुणे तेवढेच असताना घालणे शोभत नाही. याउलट प्रयोग आपल्याकडे झाला. २०१५ व २०१७ चे ‘बाहुबली’चे दोन भाग आटवून ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे पावणेचार तासांचा एकच चित्रपट प्रदर्शित करण्यात आला. काही गाणी आणि अवंतिकेच्या प्रेमकथेचा बराच भाग त्यात गळला. कथा वेगवान झाली म्हणून काही प्रेक्षक सुखावले, तर आवडते गाणे गेले म्हणून काही हळहळले. प्रेक्षकाला नेहमी अधिकच हवे असते असे नाही आणि कमीच हवे असते असेही नाही. आपल्याला काय मिळत आहे, हे त्याला आधी ठाऊक असावे लागते.

पोथीचा दाखला

अक्कलकोटकराला हा विवेक नवा नाही. स्वामी समर्थांच्या या गावापासून गाणगापूर दूर नाही आणि गुरुचरित्राचे पारायण येथे घरोघर परिचयाचे आहे. एकावन्न, बावन्न आणि त्रेपन्न अध्यायांच्या पोथ्या प्रचलित आहेत आणि कोणती प्रमाण मानावी यावर वाचकांत चर्चाही होते. ज्याला सात दिवसांचे पारायण शक्य नाही त्याच्यासाठी वासुदेवानंद सरस्वती म्हणजेच टेंबेस्वामी यांनी संक्षिप्त रचना केल्या. त्यांची नावे पाहावीत: संस्कृतातील ‘द्विसाहस्री’ आणि मराठीतील ‘सप्तशती’. संक्षेप किती केला आहे, ते माप नावातच सांगितले आहे. सप्तशती वाचणाऱ्याला कोणी फसवले नाही आणि तिच्यामुळे मूळ पोथीही अडगळीत गेली नाही. दोन्ही फडताळात शेजारी शेजारी राहिल्या. छोटी आणि मोठी आवृत्ती यांनी एकत्र कसे नांदावे, याचा याहून स्वच्छ नमुना शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही.

चित्रपटव्यवसायात या दोन्ही पथ्यांची हेळसांड होते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे पहिले तीन चित्रपट १९९७ मध्ये नव्या दृश्यांसह पुन्हा आले आणि त्यानंतर मूळ रूपातील चित्रपट चांगल्या प्रतीत मिळणे दुर्मीळ झाले. तेथे भर घातल्याची तक्रार नव्हती. भर घालून मूळ काढून घेतल्याची होती. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’चा शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला, दिग्दर्शकाने योजलेल्या मूळ शेवटासह जीर्णोद्धार केलेली आवृत्ती २०२५ मध्ये पडद्यावर आली. पन्नास वर्षांनी का होईना, ती आली, कारण ती फीत कुठेतरी शिल्लक होती. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे ते भाग्य नव्हते. चार रिळांच्या त्या १९१३ च्या चित्रपटाचे केवळ पहिले आणि शेवटचे रीळ उरले आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. परदेशी प्रेक्षक तीस मिनिटे वाढवावीत की नाहीत यावर भांडतो. आपल्या पहिल्या चित्रपटाची मधली रिळेच आपल्याजवळ नाहीत.

माप सांगावे

तबकडीचा जमाना आता ओसरला. चित्रपट घरी येतो तो वर्गणी भरून, आंतरजालावरील सेवांतून. तबकडी निदान कपाटात राहत असे. सेवेवरील चित्रपट आज आहे आणि उद्या करार संपला की नाही. तेथे एका आवृत्तीच्या जागी दुसरी आली, तर ग्राहकापाशी दाखवण्यास काहीही उरत नाही. चित्रपटगृहात खेळ सुरू होण्यापूर्वी जे प्रमाणपत्र झळकते त्यावर चित्रपटाची लांबी नोंदलेली असते आणि प्रमाणित चित्रपटात नंतर भर वा काटछाट केल्यास ती मंडळाला कळवावी लागते. आंतरजालावरील सेवांना २०२१ च्या नियमांनी वयोगटानुसार वर्गवारी दाखवण्याचे बंधन घातले. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती हीच की दुसरी, हे सांगण्याचे बंधन मात्र घातलेले नाही.

किराणा दुकानातील पुड्यावर वजन छापण्याची सक्ती कायद्याने केली, तेव्हा साखर कमी गोड झाली नाही आणि दुकानदारही बुडाला नाही. चित्रपटाच्या बाबतीतही मागणी एवढीच आहे. आवृत्ती कोणती, मिनिटे किती, काय वाढले आणि काय गळले, हे आरंभीच स्पष्ट लिहावे. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी काढून घेऊ नये. विक्रीस असो वा नसो, दोन्हींची एकेक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. एवढे झाले म्हणजे दोन तटांचा वाद खुशाल चालू द्यावा. कवट्यांचा लोंढा हवा की नको, हे ज्याचे त्याने ठरवावे. सोलापूरच्या चित्रपटगृहातून शेवटच्या गाडीसाठी उठलेल्या प्रेक्षकाला निदान घरी बसल्यावर तरी आपण किती पाहिले आणि किती राहिले, हे कळले पाहिजे.