क्षयरोग : कोणत्या वयात किती?

‘हा रोग म्हाताऱ्यांचा की तरुणांचा?’ असा प्रश्न रुग्णांचे नातलग आम्हांस वारंवार विचारतात. विश्वस्त व देणगीदारांनाही त्याचे उत्तर ठाऊक असावे, म्हणून हे टिपण.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. शरीरात क्षयाचे जंतू असणे आणि क्षयरोग जडणे या भिन्न गोष्टी होत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के व्यक्तींमध्ये संसर्ग आढळला. फुप्फुसाचा प्रत्यक्ष क्षय मात्र लाखामागे ३१६ जणांत. बहुतेकांच्या शरीरात जंतू आयुष्यभर निद्रिस्त राहतात. वार्धक्य, मधुमेह किंवा कुपोषण यांनी प्रतिकारशक्ती खालावली, की ते जागे होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच पंचावन्नीच्या पुढे हे प्रमाण लाखामागे ५८८ भरले. पुरुषांत ते ४७२, तर स्त्रियांत १५४ होते.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात वृद्धाचा खोकला सहसा विडीच्या खात्यावर जमा होतो. ‘रोवणी आटोपली की दाखवू’ असे म्हणता म्हणता धान कापणीला येते. सर्वेक्षणातही लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते. आणि सुमारे ४३ टक्के रुग्ण क्ष-किरण तपासणी नसती तर निसटलेच असते. तेव्हा बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांच्या वयावरून रोगाचे वय ठरविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

बालकांचे गणित निराळे. त्यांची संख्या थोडी, परंतु पाच वर्षांखालील मुलात संसर्गाचे रोगात रूपांतर लवकर होते व तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. बीसीजी लस अशा गंभीर प्रकारांपासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसे नाही. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, त्यामुळे निदानही कठीण. पाच ते दहा वर्षांचा काळ त्यामानाने सुरक्षित. पौगंडावस्थेपासून आलेख पुन्हा चढू लागतो. लहान मूल हा रोग क्वचितच पसरविते, ते तो बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून घेते. नातवाचे निदान झाले की आम्ही आजोबांची चौकशी करतो, ती याच कारणाने.

रुग्णाच्या सहवासातील व्यक्तींसाठी प्रतिबंधक औषधोपचार पूर्वी मुख्यत्वे लहान बालकांपुरता होता. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रोग नसल्याची खात्री करून तो घरातील सर्व वयांच्या व्यक्तींना देता येतो. आहाराचे महत्त्वही आता सिद्ध झाले आहे. झारखंडमधील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. धान्यरूपाने देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी हा आकडा अवश्य पाहावा.

रुग्णांच्या नातलगांस विनंती, की पुढील भेटीस घरातील वृद्धांसही सोबत आणावे. खोकला असो वा नसो.